एच-४ वर अमेरिकेत : ईएडी येईपर्यंत अभ्यास चालू कसा ठेवायचा?

दौत_लेखणी (प्रश्न)

मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. एमए इतिहास, अभ्यासाचा विषय अठराव्या शतकातली मराठेशाही. महाविद्यालयातलं शिकवणं थांबवून एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) ओहायोतल्या एका लहान गावात आले आहे. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) अजून मंजूर नाही, त्यामुळे कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, इतक्यात नाही. मुलगी शाळेत असते तेव्हा सलग तीन तास मिळतात. गाडी फक्त शनिवार-रविवारी.

शोधाशोध केली की "ऑनलाइन कोर्स करा, छंद जोपासा, मंडळात जा" एवढंच हाती लागतं. माझे प्रश्न असे : एच-४ वर बिनपगारी काय काय चालतं आणि काय अंगाशी येऊ शकतं? मराठी संदर्भग्रंथ इथे कुठून मिळवायचे? आणि तीन तासांत नुसतं वाचन न होता काहीतरी तयार व्हावं यासाठी काम कसं बांधायचं?

सरळकोन

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

शिकायला पूर्ण मोकळीक आहे. एच-४ वर अर्धवेळ, पूर्णवेळ, पदवीसाठी, पदवीशिवाय, कसंही शिकता येतं आणि त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. काही कॉलेजांच्या प्रवेश खिडकीवरच्या माणसालाच हे माहीत नसतं आणि तो आय-२० (एफ-१ साठी लागणारा कॉलेजचा कागद) मागतो. तेव्हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन "डिपेंडंट स्टेटस" असं स्पष्ट सांगा.

काम अजिबात नाही. एच-४ ला ईएडी देणारा नियम २६ मे २०१५ पासून लागू झाला. त्यासाठी जोडीदाराचा आय-१४० मंजूर हवा, किंवा त्याच्या एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. तोवर "काम" कशाला म्हणतात तिथेच लोक फसतात. तुम्ही बसला आहात अमेरिकेत, म्हणजे काम अमेरिकेतच झालं. मोबदला रुपयांत मिळाला, पुण्याच्या खात्यात जमा झाला, तरी बचाव होत नाही. जुन्या कॉलेजचे पेपर मानधन घेऊन तपासणं, पैसे घेऊन ऑनलाइन शिकवणी, जाहिराती लावलेलं यूट्यूब चॅनल हे सगळं याच खात्यात जातं. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी हे उकरून निघालं तर निस्तरणं महाग पडतं.

बिनपगारी म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. कसोटी साधी आहे : ती जागा एरवीही स्वयंसेवकाचीच असते का? ग्रंथालयातलं इंग्रजी संभाषण मंडळ, संग्रहालयात लोकांना वस्तू दाखवून माहिती सांगणं, ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला मदत, हे चालतं. नफा कमावणाऱ्या कंपनीत "अनुभवासाठी फुकट" बसणं चालत नाही, कारण त्या खुर्चीवर एरवी पगारी माणूस असता. परिसंवादात निबंध वाचणं, अभ्यासगटात भाग घेणं, विकिपीडियावर लिहिणं यात अडचण नाही. मानधनाचा विषय निघाला की मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून अडून बसू नका. ग्रंथालयाच्या कार्डाला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार बहुतेक ठिकाणी पुरतो. करारावर तुमचंही नाव आहे ना, तेवढं बघा. पुष्कळदा ते एकट्या नवऱ्याचं असतं आणि मग बँकेचं पत्र शोधत फिरावं लागतं.

ग्रंथखूळ

मराठी पुस्तकांच्या बाबतीत अमेरिका अजिबात वाईट जागा नाही, फक्त दार माहीत हवं. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं इथल्या विद्यापीठांकडे पद्धतशीर येत आली. सुरुवातीचा पैसा पीएल-४८० या कायद्याखाली भारताला विकलेल्या अमेरिकी धान्याचा. आपल्याकडे रेशनवर मिलो ज्वारी आली, इकडे कादंबऱ्या आणि गॅझेटियर आले! शिकागो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन इथे मराठीची कपाटं त्यामुळे भरलेली आहेत.

ती पुस्तकं गावातल्या ग्रंथालयात आंतरग्रंथालय देवाणघेवाणीतून येतात. वर्ल्डकॅटवर (जगभरच्या ग्रंथालयांची ऑनलाइन एकत्रित सूची) पुस्तक शोधा, तिथला ओसीएलसी क्रमांक टिपा आणि अर्जात तोच लिहा. ग्रंथपालाला मराठी नाव वाचता येत नाही, क्रमांक मात्र चुकत नाही. ओहायोत बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांना सर्चओहायो या सामाईक जाळ्यातून एकमेकांची पुस्तकं मागवता येतात. तुमचं ग्रंथालय त्यात आहे का, आणि विद्यापीठांच्या ओहायोलिंकमधूनही मागवता येतं का, ते काउंटरवर विचारा.

लोक हरतात ते शोधताना. जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि ते रोमनीकरण आपल्या व्हॉट्सॲपच्या स्पेलिंगसारखं नाही. च साठी फक्त 'सी', छ साठी 'सी-एच'. श साठी 'एस', पण ष साठी 'एस-एच'. व नेहमी 'व्ही', डब्ल्यू कधीच नाही. शब्दाच्या शेवटचा अ लिहितात, म्हणजे 'समाज' च्या शेवटी 'ए' येतो. ळ चा 'एल'. म्हणून 'चाळ' शोधायची तर सी-ए-एल-ए, आपल्या सवयीचं सी-एच-ए-ए-एल टाकलं तर शून्य निकाल. डोक्यावरच्या रेषा आणि खालची टिंबं टाकायची गरज नाही. अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो : 'मंडळ' मध्ये 'एन', 'संस्कृती' मध्ये 'एम'. आधी लेखकाचं आडनाव आणि भाषेची चाळणी लावा, मग शीर्षकातला एखादाच शब्द. पूर्ण शीर्षक टाकाल तर एका अक्षरासाठी पुस्तक निसटतं.

पुस्तक यायला साधारण एक ते तीन आठवडे धरा आणि वाढीव मुदत मिळणार नाही असंच समजा. म्हणून एका वेळी दोनच मागवा. साठ-सत्तरच्या दशकातला मराठी कागद तुकडे पडण्याइतका वाळलेला असतो, त्यामुळे काही ग्रंथालयं प्रत बाहेर देत नाहीत. नकार आला की तोच अर्ज पुन्हा न करता अनुक्रमणिकेची छायाप्रत मागा, आणि मग हव्या त्या प्रकरणाची.

हाथीट्रस्ट हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा ऑनलाइन संग्रह विसरू नका. छापून ९५ वर्षं उलटलेली पुस्तकं तिथे अमेरिकेतून पूर्ण उघडतात, भारतातून त्यातली बरीच बंद दिसतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश फुकट आहेत. तिथे 'करणे' टाकून काही मिळालं नाही तर 'करणें' टाका. हे कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे, अनुस्वार हवाच. 'नाही' नव्हे, 'नाहीं'.

जेस्टोर या शोधनिबंधांच्या संग्रहावर नुसतं खातं काढलं तरी ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, तेव्हा टिपणं वाचतानाच काढा.

शुहूरसन

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण विषय अठरावं शतक असेल तर तुमच्याइतकी सोय कुणाची नाही. साधनं छापून झाली आहेत आणि आंतरजालावर आहेत. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ मध्ये निघाले. देवनागरीत छापलेले आहेत, मोडी येत नसली तरी चालतं.

"खंड वाचून काढीन" असं ठरवू नका. दोनशे पानं होतात, डोक्यात फक्त नावं तरंगत राहतात. घ्या एक पत्र, पंधरा-वीस ओळींचं. त्यावर चार दिवस, रोज तीन तास असं काम करा :

पहिल्या दिवशी पत्र हाताने जसंच्या तसं उतरवा. टंकू नका, हाताने. उतरवताना साचा दिसतो : 'विनंती उपरी' च्या आधीचं सगळं मायन्याचं, 'बहुत काय लिहिणे' च्या पुढचं समाप्तीचं. मधला गाभा बहुधा आठ-दहा ओळींचाच असतो. अनोळखी शब्दांखाली रेघ.

दुसऱ्या दिवशी शब्द आणि माणसं. वर ग्रंथखूळ यांनी सांगितलेले दोन्ही कोश उघडा. फारसी शब्दाचा आजचा अर्थ घेऊ नका, 'तसदी', 'खातरजमा', 'रवाना' असे ओळखीचे वाटणारेच जास्त फसवतात. गावांना तालुका-जिल्हा लावा. एकाच नावाची पाच गावं निघाली तर पाचही लिहून ठेवा, लगेच निवड करू नका.

तिसरा दिवस तारखेचा. इथे चुका सर्वांत जास्त होतात म्हणून सविस्तर लिहितो. पत्रात 'सु॥' म्हणजे शुहूर सन, त्या काळच्या दफ्तरातली वर्षगणना, आकडा अरबी शब्दांत आणि उलटा, एकंपासून वर. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. तर 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१.

हा सन मृगाला बदलतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारी ते मे मधल्या पत्राला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची : ११६१ + ६०० = १७६१. सरसकट ५९९ मिळवणारा लढाई वर्षभर आधी नेऊन ठेवतो.

'छ' म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिना आणि तारीख. पण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे शुहूर सनाच्या सुरुवातीच्या अकरा-एक दिवसांतली चांद्र तारीख त्याच सनाच्या अखेरीस पुन्हा येते. मे अखेर किंवा जून सुरुवातीचं पत्र असेल तर दोन्ही शक्यता मांडा आणि मजकुरावरून ठरवा : छावणीची तयारी दिसते की मोहिमेची परतवाट? तिथी दिली असेल तर पडताळा सोपा होतो. 'छ १' साधारण शुद्ध द्वितीयेच्या आसपास पडतो. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, चंद्र ७-८ जमादिलाखर. एक-दोन दिवसांचा फरक चालतो. पाच-सहा दिवसांचा पडला तर महिना चुकलाय किंवा छापताना आकडा बिघडलाय.

चौथ्या दिवशी दीडशे शब्दांचा गोषवारा आजच्या मराठीत. शंकेच्या वाचनाला चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. खाली तीन ओळी : हे पत्र कशाला उत्तर आहे, याचं उत्तर कुठे असावं, आणि पत्र लिहिणाऱ्याला काय लपवायचं आहे. ही तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर पत्र अजून वाचून झालेलं नाही.

असे दहा गोषवारे एकाच माणसाचे किंवा एकाच मोहिमेचे झाले की लेखाचा सांगाडा दिसायला लागतो. वेगवेगळ्या खंडांतून आवडेल ते उचललं तर दहाची शंभर झाली तरी लेख होत नाही.

मोडी शिकायची असेल तर वेगळी वेळ द्या, यात मिसळू नका. रोज वीस मिनिटं लिहून शिका, नुसतं बघून येत नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नसतो, र ची रूपं बरीच. अडखळायला होतं ते मुळाक्षरांपाशी कमी, शब्द कुठे तोडायचा तिथे जास्त. म्हणून वरचे साचेबंद मायने आधी मोडीत घोटा, ते कागदावर लगेच ओळखू येतात आणि मधला मजकूर आपोआप सुटा होतो.

क्रेडिट_तास

वरची योजना चांगली आहे, पण इथल्या कुणी तरी तपासणारं हवं असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा एकच विषय घ्या. दोन प्रकार असतात. क्रेडिटसाठी घेतलात तर गृहपाठ तपासला जातो, गुणपत्रिका मिळते, पुढे विद्यापीठात दाखवता येते. 'ऑडिट' केलंत तर गुण नाहीत, आणि फी पुष्कळ ठिकाणी तेवढीच. पैसे सारखेच जात असतील तर ऑडिट कशाला? तिसऱ्या आठवड्यात पोरगी आजारी पडली की ऑडिटवाली मंडळी गळतात, क्रेडिटवाले कसेबसे टिकतात.

फीचा मोठा फरक 'राज्यातले रहिवासी' ठरण्यावर आहे. बहुतेक ठिकाणी वर्षभराचं वास्तव्य मागतात आणि एच-४ ला रहिवासी धरायचं का, हे राज्यागणिक वेगळं आहे. वेबसाइटवरून अंदाज बांधू नका, रेसिडेन्सी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एका विषयासाठी भारतीय पदवीचं मूल्यमापन सहसा लागत नाही. पुढे पदव्युत्तरसाठी लागेल. त्यात विद्यापीठाकडून परस्पर सीलबंद किंवा डिजिटल गुणपत्रिका जावी लागते, आणि आपल्या विद्यापीठांत त्याला महिने लागतात. भारतात कुणी जाणार असेल तर तो अर्ज आत्ताच टाकून घ्या.

इतिहासवाल्यांना दोन विषय सुचवते : प्राथमिक संख्याशास्त्र, किंवा जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाशास्त्र. पाठ्यपुस्तकासाठी आधी राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स बघा, संख्याशास्त्राचं पुस्तक तिथे पूर्ण फुकट आहे.

एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, त्याबद्दल एक सूचना. व्याख्यानं आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट्स कुठूनही करता येतात. पण प्रमाणपत्रात ७५ टक्के भार शेवटच्या परीक्षेचा, असाइनमेंटचा २५, आणि परीक्षा भारतातल्या केंद्रावर प्रत्यक्ष द्यावी लागते. भारतवारी परीक्षेच्या तारखेशी जुळत नसेल तर नुसतं शिकण्यासाठी करा, परीक्षेची फी भरू नका.

दौत_लेखणी

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार! दोन उपप्रश्न. गोषवारे तपासायला दुसरा माणूस कसा शोधायचा? आणि जुनी पुस्तकं विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंडासारखं मुक्त ग्रंथालय) आणायचं काम बरं का, की त्यात वेळ जातो?

ग्रंथखूळ

विकिस्रोत बरा, पण दुपारच्या मरगळीच्या तासासाठी. चांगल्या तासांत करू नका. तिथे प्रत्येक पानाला रंग असतो : लाल म्हणजे यंत्राने वाचलेलं कच्चं पान, पिवळं म्हणजे एकाने तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने पुन्हा तपासलेलं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही. नवख्यांनी लाल पानांच्या मागे न लागता पिवळी पानं हिरवी करावीत, चुका कुठे राहतात ते कळतं. मराठीत यंत्र फसतं ते ल आणि ळ, 'र्य' आणि 'ऱ्य', आणि जुन्या छपाईतल्या अनुस्वारांवर. जुनं लेखन आजच्या नियमांप्रमाणे "सुधारू" नका, छापलंय तेच ठेवायचं.

पुस्तक निवडताना स्वामित्वहक्क बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, पण सर्व्हर अमेरिकेत असल्याने तिथलाही नियम आडवा येतो. हयातीत छापलेली आणि १९४१ च्या आधी निधन झालेल्या लेखकाची पुस्तकं दोन्हीकडे मोकळी आहेत. वि. का. राजवाडे १९२६ साली गेले, त्यांच्या बाबतीत प्रश्नच नाही.

शुहूरसन

जोडीदार विषयातला तज्ज्ञच हवा असं नाही, ठरल्या दिवशी वाचणारा हवा. जुनी सहकारी किंवा एमएचा विद्यार्थी चालेल. त्यांचंही काही तपासायला घ्या, नाहीतर दोन महिन्यांत उत्तरं यायची थांबतात. पाच-सहा जणांचा गट करू नका, प्रत्येकाला वाटतं दुसरा वाचेल.

पाठवायचा दिवस गुरुवार, बोलायचा दिवस शनिवार. तुमच्या सकाळी ११ ला भारतात रात्रीचे साडेआठ. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे जातात, तेव्हा भारतातले साडेआठ म्हणजे तुमचे सकाळचे १०, ते थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. कॅलेंडरमध्ये बैठक भारतीय वेळेने नोंदवा, म्हणजे तिकडच्या माणसाला काही बदलावं लागत नाही. बोलणं पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ फक्त प्रश्नचिन्ह लावलेल्या शब्दांवर.

सुरुवातीला छापील तळटीप असलेलं पत्र घ्या आणि टीप कागदाने झाकून तारीख स्वतः काढा. जोडीदारालाही वेगळी काढू द्या. मग झाकण काढून तिघांच्या तारखा ताडून बघा, तुमची, त्यांची आणि संपादकाची.

सरळकोन

जोडीदाराकडून किंवा त्यांच्या संस्थेकडून "अभ्यासवृत्ती देतो" असं काही आलं तर थांबा आणि माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.